बाइकचा टायर बदलायचाय? दुकान भरवशाचं आहे का, हे मोबाइलवरून तपासा

फोन घ्यायचा म्हटलं की आपण प्रोसेसर, रॅम, बॅटरी सगळं तासभर तोलून बघतो. बाइकचा टायर बदलायचा म्हटलं की मात्र जवळच्या दुकानात जाऊन "दादा, चांगला टाका एखादा" एवढंच म्हणतो. खरं तर रस्ता आणि तुम्ही यांच्यामध्ये फक्त दोन टायर असतात, आणि प्रत्येकाचा साधारण तळहाताएवढाच भाग एका वेळी जमिनीला टेकलेला असतो. ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारला तर गाडी थांबणार की घसरणार, हे तिथेच ठरतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक सवय लागते: समोरचा म्हणतो म्हणून मानायचं नाही, तपासून बघायचं. टायरच्या दुकानालाही तीच सवय लावता येते. दुकानदार गोड बोलतो का, यावरून काही कळत नाही. तो तुम्हाला तपासू देतो का, ते बघा. तपासायचं काय आणि कसं, ते या लेखात क्रमाने सांगतो.

## आधी तुमच्या टायरवर काय लिहिलंय ते वाचा

दुकानात जाण्याआधी घरीच जुन्या टायरच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. अक्षरं काळ्यावर काळी असल्यामुळे समोरून नीट दिसत नाहीत. दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने तिरका धरला की सावली पडते आणि सगळं स्पष्ट वाचता येतं.

समजा टायरवर १००/९०-१७ ५५पी असं आहे. त्याचा अर्थ असा:

- १०० म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ९० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. इथे ९० मिलिमीटर.
- १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये.
- ५५ म्हणजे वजन पेलण्याचा निर्देशांक. ४९ म्हणजे १८५ किलो, ५५ म्हणजे २१८ किलो, ६२ म्हणजे २६५ किलो.
- पी म्हणजे वेगाची मर्यादा, ताशी १५० किलोमीटर. एल असेल तर १२०, एस असेल तर १८० आणि एच असेल तर २१०.

जुन्या गाड्यांवर २.७५-१८ अशी इंचातली साइजही दिसते. आधीच्या मालकाने वेगळाच टायर टाकलेला असू शकतो, म्हणून टायरवरची साइज गाडीच्या मॅन्युअलशी जुळवून बघा. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या साइटवर पीडीएफ मिळते.

"एक साइज मोठा टाका, गाडी भारी दिसेल" हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. रिम तेवढीच ठेवून टायर रुंद केला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि वळणावरचा गोलावा बदलतो. चेनला किंवा मडगार्डला टायर घासू शकतो आणि मायलेजही कमी होतं. साइज कंपनीने सांगितलेलीच ठेवा. वजनाचा आणि वेगाचा निर्देशांक मूळपेक्षा जास्त असला तर चालतो, कमी चालत नाही.

## टायर बदलायची वेळ झाली का?

टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्या रेषेत खाचेच्या आत बघितलं तर रबराची एक बारीक आडवी पट्टी दिसेल. वरचं रबर झिजून त्या पट्टीच्या पातळीला आलं की टायर संपला. पावसाळ्यात तेवढी वाट बघू नका. खाचा रस्त्यावरचं पाणी बाजूला काढतात, आणि त्या उथळ झाल्या की टायर पाण्यावर तरंगायला लागतो.

खाचा शिल्लक असल्या तरी तीन गोष्टी दिसल्या तर टायर बदला: बाजूला भेगा, कुठेही फुगवटा, किंवा कापल्याने आतले धागे दिसणं. फुगवटा म्हणजे आतली वीण तुटली आहे. त्यावर इलाज नाही.

## नवा टायर खरंच नवा आहे का?

टायर कधी बनला ते चार आकड्यांत लिहिलेलं असतं. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या रांगेच्या शेवटी, किंवा वेगळ्या लंबगोल चौकटीत. २३२५ असेल तर २०२५ सालचा २३वा आठवडा, म्हणजे जूनचा सुरुवातीचा काळ. हा कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, त्यामुळे टायर उलटून बघावा लागतो.

रबर वापरलं नाही तरी वयाने कडक होतं. मिशेलिनसारखी कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यायला सांगते आणि जास्तीत जास्त दहा वर्षांनी तो बदलायलाच सांगते, खाचा कितीही उरल्या असोत. माझा स्वतःचा नियम साधा आहे: एक वर्षापेक्षा जुना टायर नव्याच्या किमतीत घ्यायचा नाही. दुकानात उन्हात टांगून ठेवलेला टायर तर तारीख ताजी असली तरी नको.

दुसरी तपासणी आयएसआय मार्कची. भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकीच्या टायरला हा मार्क सक्तीचा आहे, आणि त्यासाठीचं मानक आहे आयएस १५६२७. मार्कजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर हे सरकारी ॲप उघडा, परवाना तपासण्याचा पर्याय निवडा आणि तो क्रमांक टाका. परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते लगेच कळतं. टायरवर नाव एका कंपनीचं आणि परवाना भलत्याच कुणाचा, असं दिसलं तर कारण विचारा. पटलं नाही तर तिथून निघा.

तिसरी गोष्ट, घासलेल्या टायरला पुन्हा खाचा पाडून विकण्याचा प्रकार. ओळखायची खूण म्हणजे वर सांगितलेली टीडब्ल्यूआयची पट्टी. नव्याने खाच कोरताना ती पट्टीही कापली जाते. बाजूला खूण आहे आणि खाचेत पट्टीच नाही, तर त्या टायरला हात लावू नका.

## दुकान शोधताना

टायर बसवून देणारे साधारण चार प्रकारचे लोक असतात.

पंक्चरवाला. जवळ असतो, स्वस्त असतो, अडीनडीला हाच धावून येतो. ट्यूबवाल्या साध्या गाड्यांवर अनेकांचा हात उत्तम बसलेला असतो. अलॉय व्हीलला मात्र हातोडा आणि टामी वापरून टायर काढणार असेल तर जपून.

अनेक कंपन्यांचे टायर ठेवणारं दुकान. निवड भरपूर, भावात घासाघीस होते, बहुतेकांकडे मशीन असतं. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या पार्ट्सची दुकानं एकाला लागून एक आहेत. अशा बाजाराचा फायदा म्हणजे पंधरा मिनिटांत चार भाव मिळतात.

टायर कंपनीची शोरूम. माल अस्सल, वॉरंटीचं काम सोपं. पण एकाच ब्रँडचे टायर मिळतात.

ऑनलाइन मागवून बाहेर बसवणं. किंमत कधी कधी कमी पडते, पण बनल्याची तारीख निवडता येत नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आणि मागवण्याआधीच बसवणाऱ्याला विचारा, कारण बाहेरून आणलेल्या टायरला काही दुकानं जास्त मजुरी लावतात किंवा सरळ नाही म्हणतात.

गूगल मॅप्सवर रेटिंगचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. रिव्ह्यू "नवीन आधी" असे लावा, मग "सर्वात कमी रेटिंग आधी" असे. "छान सर्व्हिस" छापाचे दोन शब्दांचे पन्नास रिव्ह्यू आणि ते लिहिणाऱ्यांच्या प्रोफाइलवर दुसरं काहीच नाही, तर ते सोडून द्या. "मागचा टायर बदलला, चेन सेट करून दिली, इतके पैसे घेतले" असं तपशीलवार लिहिलेला एक रिव्ह्यू जास्त कामाचा. लोकांनी टाकलेल्या फोटोंत मशीन दिसतं का बघा. वाईट रिव्ह्यूला मालकाने काय उत्तर दिलंय तेही वाचा. "आणून दाखवा, बघून घेतो" म्हणणारा आणि ग्राहकालाच शिव्या घालणारा, यात फरक आहे.

## एक मेसेज, चार दुकानं

दोन-तीन दुकानं निवडली की जाण्याआधी व्हॉट्सॲपवर मेसेज टाका. मी हाच वापरतो:

"नमस्कार. मला १००/९०-१७ ट्यूबलेस मागचा टायर हवाय. कोणत्या कंपनीचे आहेत? बनल्याच्या तारखेचा फोटो पाठवाल का? किमतीत फिटिंग आणि नवा व्हॉल्व्ह धरलाय का? टायर मशीनवर काढता का? पक्कं बिल मिळेल ना?"

गेल्या पावसाळ्याआधी मी हा मेसेज चार दुकानांना पाठवला. एकाने दहा मिनिटांत दोन टायरचे तारखेसकट फोटो आणि वेगवेगळे भाव पाठवले. दुसऱ्याचं उत्तर, "माल एकदम फ्रेश आहे, तुम्ही या तर खरं." तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही. चौथ्याने सांगितलं की ही साइज आत्ता नाही, उद्या संध्याकाळपर्यंत मागवतो. मी पहिल्याकडे गेलो, पण चौथ्याचा नंबरही जपून ठेवला. जे नाही ते नाही म्हणून सांगणारा दुकानदार कामाला येतो.

वेळ असेल तर अजून एक करा. टायर घेण्याआधी त्याच दुकानात एखादं छोटं काम करून घ्या, नुसती हवा चेक केली तरी चालेल. प्रेशर किती ठेवायचं ते तो विचारतो का, की सगळ्यांना सारखीच हवा मारतो? व्हॉल्व्हला थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून गळती बघतो का? टोपण परत लावतो का? दोन मिनिटांत माणसाच्या कामाची सवय कळते.

## टायर बसवताना काय बघायचं

दुकानात फोनमध्ये रील बघत बसू नका. त्याच फोनने चाक काढण्याआधी तीन फोटो घ्या: चेन ॲडजस्टरच्या खुणा, ब्रेकची जोडणी आणि ओडोमीटर. मग शांतपणे उभे राहून बघा. सारखं मध्ये बोलायची गरज नाही.

१. टायर काढणं. हवा पूर्ण काढून व्हॉल्व्हची पिन काढली पाहिजे. रिमवर घट्ट बसलेली टायरची कड, म्हणजे बीड, मशीनने दाबून सुटते. अलॉयवर थेट हातोडा पडत असेल तर तिथेच थांबवा. एबीएस असलेल्या गाडीत डिस्कजवळच्या दातेरी कड्याला टामी लागता कामा नये. १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे तुमच्या गाडीला ते असण्याची शक्यता चांगलीच आहे.

२. रिम. गंज, जुनं रबर आणि माती पुसून काढली पाहिजे. रिम वाकलेली आहे का, ते याच वेळी दिसतं. ट्यूबलेसला नवा व्हॉल्व्ह टाकायला सांगा. स्वस्त वस्तू आहे, पण जुना चिरला की हवा एकदम जाते. ट्यूबवाल्या टायरला ट्यूबही नवी घ्या आणि तारांच्या चाकात रिमची पट्टी तपासा.

३. बाण. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. गाडी पुढे जाताना चाक त्याच दिशेने फिरलं पाहिजे. एकाच टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगवेगळे बाण असू शकतात.

४. रंगीत ठिपका. असला तर तो टायरची हलकी बाजू दाखवतो. तो व्हॉल्व्हजवळ आणतात, म्हणजे व्हॉल्व्हच्या वजनाने तोल साधतो.

५. वंगण. कडेला साबणाचं पाणी किंवा टायरची पेस्ट लावावी. ऑइल किंवा ग्रीस नको. त्याने रबर खराब होतं आणि टायर रिमवर घसरू शकतो.

६. बीड बसणं. हवा भरताना "फट्ट" असा आवाज दोनदा येतो. मग रिमच्या कडेला टायरवर असलेली बारीक गोल रेषा बघा. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एका ठिकाणी आत बुडाली असेल तर टायर नीट बसलेला नाही, आणि गाडी चालवताना चाक उड्या मारल्यासारखं वाटेल.

७. ट्यूबचा चिमटा. ट्यूबवाल्या चाकात टामीमध्ये ट्यूब दाबली जाऊन भोक पडतं. म्हणून थोडी हवा भरून मगच ट्यूब आत बसवतात. शेवटी व्हॉल्व्ह सरळ उभा हवा. तिरका असेल तर ट्यूब आत पिळली गेली आहे.

८. बॅलन्सिंग. शहरात कमी वेगाने फिरणाऱ्या छोट्या गाडीला नाही केलं तरी बऱ्याचदा फरक कळत नाही. हायवेला नेत असाल तर करून घ्या, विशेषतः पुढच्या चाकाचं.

## पैसे देण्याआधी दोन मिनिटं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. टायर उत्तम असून चाक चुकीचं बसवलं तर काय उपयोग?

- चाक हाताने फिरवा. मोकळं फिरतंय का, डावी-उजवीकडे डुलत नाही ना?
- ॲक्सलचा नट घट्ट केला का, हे विचारा. टॉर्क रेंच वापरत असतील तर दुकानाला एक गुण जास्त. नटात स्प्लिट पिन असेल तर ती परत लागलीय का बघा.
- मागच्या ड्रम ब्रेकला, ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक दांडी बोल्टने अडकवलेली असते. तो बोल्ट राहिला तर ब्रेक मारताच चाक जाम होऊ शकतं. आधी काढलेल्या फोटोशी जुळवून बघा.
- चेनच्या ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात आणि चेनला मॅन्युअलमध्ये दिलेला ढिलेपणा हवा. "टाइट केली, आता आवाज येणार नाही" हे कौतुक नाही. जास्त ताणलेली चेन बेअरिंग खाते.
- डिस्क ब्रेक असेल तर गाडी हलवण्याआधी लिव्हर चार-पाच वेळा दाबा. पहिल्या दाबाला तो पोकळ जाऊ शकतो, आणि हे रस्त्यावर कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं.
- हवा मॅन्युअलप्रमाणे भरून घ्या. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाचं प्रेशर वेगळं असतं. तेही चेनगार्डजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळेल.

## बिल घ्या आणि तेही तपासा

बिलावर कंपनी, साइज आणि टायरचा सिरीयल नंबर लिहून घ्या. टायरमध्ये बनावटीचा दोष निघाला तर वॉरंटी मागताना हाच कागद लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. बिलात अजून २८ टक्के लावलेले दिसले तर विचारा.

बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता हा नंबर टाकून दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते बघता येतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जीएसटी नंबर नाही म्हणजे दुकानदार लबाड, असं नाही. छोट्या उलाढालीच्या दुकानाला नोंदणी सक्तीची नसते, आणि कंपोझिशन योजनेतला दुकानदार ग्राहकाकडून वेगळा कर घेऊच शकत नाही. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावलेला असतो. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

जुना टायर तुमचाच असतो. तो ठेवून घेणार असतील तर निदान बाजूने चांगली मोठी चीर मारून घ्या, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या गाडीला लागणार नाही.

## पंक्चरच्या वेळची सावधगिरी

ट्यूबलेसमध्ये "साहेब, चार पंक्चर आहेत" हे वाक्य बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. प्रत्येक पंक्चर साबणाच्या पाण्यात बुडबुड्यांनी दाखवायला सांगा, आणि पहिलं काढायच्या आधीच सगळे मोजा, फोटो घ्या. नंतर आकडा वाढला तर विचारता येतं. टायरच्या बाजूला पडलेलं पंक्चर काढून चालवू नका. ती भिंत सतत वाकत असते, तिथे दुरुस्ती टिकत नाही.

## टायर बसल्यानंतर

नवा टायर सुरुवातीला थोडा निसरडा असतो. पहिले दीड-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणावर झुकणं टाळा. सिंहगडाच्या घाटातली राइड पुढच्या आठवड्यावर ढकला. शंभरेक किलोमीटर झाले की नट, चेन आणि हवा पुन्हा तपासून घ्या. चांगला दुकानदार याचे पैसे घेत नाही. टायरच्या तारखेचा फोटो, बिल आणि ओडोमीटरचा फोटो एका अल्बममध्ये ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना, हवा बघायचा रिमाइंडर लावा.

आणि हो, इतकं सगळं विचारल्यावर न वैतागता उत्तर देणारा माणूस भेटला, तर त्याला गूगल मॅप्सवर तपशीलवार रिव्ह्यू द्या: कोणता टायर, किती पैसे, काय काय करून दिलं. तुमच्यानंतर कुणीतरी नवखा पोरगा पावसात, टकल्या टायरवर, तेच दुकान शोधत असेल.